अव्वाचं तपेलं

परवा गौराच्या गच्चीवर दोन पोरी व्हिडिओ काढायला आल्या होत्या. एकीच्या हातात मोबाईल, दुसरीच्या हातात माईक. "आजी, बाग, ऋतूप्रमाणे स्वयंपाक आणि ही जुनी भांडी! इतका सुंदर छंद तुम्हाला लागला कसा?" गौरा म्हणाली, "लागला की असाच." मी जिन्याच्या दारात उभी होते, तोंडावर पदर धरला. छंद म्हणे! डोंबलाचा छंद! त्या गच्चीवरचं एकूणएक भांडं सुडापायी घरात आलंय. हे मी सांगू शकते, कारण त्यातली निम्मी माझ्या स्कूटीवरून आलीत.

मी राजाबाई. माहेर केमचं. मालक रिटायर झाले तेव्हापासून आम्ही जुळे सोलापुरात राहतो. खाली आम्ही, वर गौरम्मा. ती अक्कलकोटच्या पुढची, लिंगायताची. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि भांडायला लागली की दोन्ही. नवरा जाऊन सात वर्षं झाली, मुलगा हैदराबादला. मी तिला गौरा म्हणते, ती मला राजाक्का. एकदा मी ढेमशाच्या भाजीला नाक मुरडलं तर बाई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. स्वभाव हा असा.

आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. तरी हिची गच्ची बघा. रंगाचे रिकामे डबे, फुटकी घमेली, एक मोडका पाळणा, सगळ्यात माती आणि सगळ्यात काहीतरी उगवलेलं. तांदळाचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी वर जातं. माझ्या मोरीवरसुद्धा तिचा डोळा असतो. पावसाळ्यात अंबाडी, थंडीत चाकवत, चुका, मेथी, कठड्यावर वालाचा वेल. उन्हाळ्यात आळूवर नवऱ्याच्या जुन्या धोतराची सावली. ज्या महिन्यात जे उगवतं तेच ती शिजवते. कुणी थंडीत कैरी मागितली तर अशी बघते की मागणाऱ्यानं आपणहून माफी मागावी. आणि भांडी! घंगाळं, सतेल्या, परात, पुरणयंत्र, तेलाचा कावळा, जात्याच्या दोन तळ्या. अंबाडी दगडीत, पुरण पितळेत, ताक मातीत. भांडं चुकलं तर चव चुकली, असं तिचं म्हणणं.

आता मूळ गोष्ट ऐका.

अकरा वर्षांपूर्वी गौराची आई गेली. नागव्वा तिचं नाव, गौरा तिला अव्वा म्हणायची. जाण्याआधी चार जणांसमोर तिनं सांगितलं होतं, "माझं आंबिलीचं तपेलं गौरीला द्या." पितळेचं, मोठ्या पोटाचं, वीस माणसांची आंबील मावणारं. तिकडं वेळ अमावास्येला, ही लोकं येळवस म्हणतात, सगळी भावकी शेतात जाऊन पूजा करते आणि तिथंच जेवते. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील नसली तर ती येळवसच नव्हे. नागव्वानं पन्नास येळवसांची आंबील त्या तपेल्यात केली.

दिवसकार्याला भावकी जमली, आणि तपेलं जागेवर नाही. गौराची भावजय महेश्वरी उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "तपेलं वन्संनी कालच नेलं. लेकी माहेर धुऊनच नेत्यात, त्यात नवल काय?" गौरा म्हणाली, मी नेलं नाही. "मग पिशवी दावा की!" आणि थोरल्या चुलतीनं पिशवी उपडी केली. ओट्यावर, पन्नास माणसांत. दोन लुगडी, एक पोलकं, रक्तदाबाच्या गोळ्या आणि अव्वाची इबितीची, म्हणजे भस्माची, डबी.

अहो, वीस माणसांचं तपेलं कापडी पिशवीत मावतं का? पण हे कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही. लोकांना तपेलं बघायचंच नव्हतं, पिशवी बघायची होती. सख्खा भाऊ तिप्पण्णा जमिनीकडं बघत राहिला. वडील, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, भिंतीला टेकून बसले होते. तिथून उठले नाहीत. पिशवीत काही निघालं नाही, तर लोक म्हणाले, "आधीच पाठवलं असंल." झालं! गौरम्मा चोर. तेव्हापासून येळवसाचं बोलावणं बंद, पंचमी बंद, ओवाळणी बंद. नवरा जिवंत होता तोवर सासरचेसुद्धा टोमणे मारायचे.

गौराला वाटलं, महेश्वरीनं ते मोडीत घातलं असणार. म्हणून ती मोडीची दुकानं धुंडाळायला लागली. "तपेलं घावू दे राजाक्का, तिच्या दारात न्हेऊन आपटते." सोलापुरातलं एक दुकान सोडलं नाही आम्ही. ही बाई प्रत्येक भांडं पालथं घालायची आणि बुडाखाली अंगठा फिरवायची. नागव्वाच्या तपेल्याला एकदा बैलानं लाथ मारली होती, तेव्हा आण्णांनी बुडाला तांब्याचं ठिगळ मारून आणलं होतं, बिब्ब्याएवढं. गौरा ते ठिगळ शोधायची. ते सापडायचं नाही, पण हातात आलेलं दुसरं भांडं तिला खाली ठेववायचं नाही. "हे बी कुणाच्या तरी अव्वाचं हाय की," म्हणायची, आणि माझ्या स्कूटीच्या पायाशी आणखी एक गाठोडं. लोक म्हणायला लागले, काय हौस आहे बाईला!

आणि कल्हई. त्यात तिची हयगय नाही. श्रावणाच्या आधी म्हातारा कल्हईवाला भाता घेऊन आमच्या फाटकात बसतो आणि दिवसभर नवसागराचा धूर. बिनकल्हईच्या पितळेत आंबट घातलं की ते कळकतं. हिरवट पडतं, जिभेला कडू मारतं, पोटात गेलं की ओकाऱ्या. आमच्या पिढीच्या बाईला हे शिकवावं लागत नाही. गौराच्या घरात मात्र पाहुण्याला पाणी द्यायचा तांब्यासुद्धा आतून चांदीसारखा असतो. तिच्या भावकीतल्या बायका तिच्याशी बोलत नसल्या तरी स्वतःच्या भांड्यांना कल्हई मात्र तिच्याच कल्हईवाल्याकडून करून घ्यायच्या. बघा माणसं!

मागच्या वर्षी उत्कर्षा यायला लागली. महेश्वरीच्या मुलाची, नंदीशची बायको. लग्नाला दोन वर्षं झालेली, सोलापुरात शाळेत शिकवते, रोज गावाहून येऊन-जाऊन. तिला झाडांचं वेड. सासरची कुणी आत्या गच्चीवर भाज्या पिकवते एवढं कानावर आलं आणि पोरगी सासूला न सांगता जिना चढून आली. त्या घरात गौराचं नाव काढायची चोरी, त्यामुळं काय घडलं होतं ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "काहीतरी बोलणं बंद आहे ना?" एवढंच तिला ठाऊक. गौरानंही सांगितलं नाही. चाकवताचं बी दिलं, वालाला मांडव कसा घालायचा ते दाखवलं, भाकरी थापताना तिचा हात हातात धरला. पोरीवर जीव बसला तिचा, मला दिसत होतं.

वेळ अमावास्येच्या आधी आठवडाभर उत्कर्षा रिक्षातून उतरली ती कडेवर काहीतरी झळाळतं घेऊन. "आत्या, बघा! दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर सापडलं, गोणपाटात बांधलेलं. सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या माहेरचं आहे. काळंकुट्ट होतं. मी दुकानात देऊन मशीनवर पॉलिश करून घेतलं, आतून-बाहेरून. ह्या येळवसाला आंबील मीच करणार आणि ह्यातच करणार. चालेल ना ह्यात?"

गौरानं तपेलं मांडीवर घेतलं. हात सवयीनं बुडाखाली गेला. अंगठा थांबला. मग तिनं तपेलं वाकडं करून आत बघितलं. मीही बघितलं. आतून पिवळंजर्द! कल्हईचा मागमूस नाही, मशीननं सगळी खरवडून नेली होती. मी तोंड उघडलं, तर गौरानं माझ्या पायावर पाय दिला.

"चालंल की," ती हसून म्हणाली. "लई झ्याक दिसतंय."

पोरगी खुशीत होती. "तुम्हीपण या आत्या. मी बोलावते. इतकी वर्षं म्हणजे फारच झालं की!"

ती गेल्यावर गौरा बराच वेळ वालाच्या शेंगा तोडत राहिली. कोवळ्या-जून काही बघत नव्हती, नुसती तोडत होती.

"अव्वाचं हाय," ती म्हणाली.

"मग हिसकावून का नाही घेतलंस, बये? हातात आलं होतं!"

"घेतलं तर परत चोरच की. पोरीच्या हातनं तपेलं काढून घेतलं म्हणतील. जितं पिशवी उपडी केली त्याच माणसांत ते माझं झालं पायजे."

"आणि कल्हई? त्यात रात्रभर ताक राहिलं तर कळकेल ना गं!"

"कळकू दे."

"पोरंबाळं पितील, गौरा!"

"पयला घोट वैनीचा. दुसरा कुणाचाच न्हाय. मी तितंच बसणार, तपेल्याला टेकून."

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, वाटलं नाही. मलाही महेश्वरीचं तोंड वाकडं झालेलं बघायचं होतं. अकरा वर्षं मोडीच्या दुकानांतून धूळ खात फिरले होते मी. उत्कर्षाचा विचार माझ्या मनात आला होता का? आला होता, आणि मी तो बाजूला सारला. तेवढं पाप माझ्याही पदरी.

आदल्या दिवशी गौरानं स्वतःची आंबील लावली, कल्हईच्या सतेलीत, लसूण-पात ठेचून. गच्चीवरचा चुका, मेथी, वालाचे दाणे, हरभऱ्याचा पाला घालून भज्जी केली, बेसन लावून, दाट. "पंगत उपाशी ऱ्हायला नको," म्हणाली. सकाळी तिच्या मुलाच्या मित्राच्या जीपमध्ये सतेली ठेवली, तोंडाला फडकं बांधून, आणि आम्ही निघालो.

शेतात ज्वारी पोटऱ्यात आलेली. कडब्याच्या पेंढ्यांची खोपटासारखी कोप, आत चुना लावलेले पाच दगड, पुढं पानं मांडलेली. आणि सगळी तीच माणसं, फक्त केस पांढरे झालेले. महेश्वरी इरकल नेसून मिरवत होती. गौराला बघून तिचा चेहरा उतरला, पण बाई पक्की. "या वन्सं! किती वर्सांनी! आमी कवा नको म्हणालो होतो?" उत्कर्षा धावत आली, हात धरून आम्हाला कोपीजवळ नेलं. तिथं तपेलं. उन्हात बघवत नव्हतं इतकं चकचकीत.

"माझ्या आईचं हो," महेश्वरी जो भेटेल त्याला सांगत होती. "सुनंनं पॉलिश करून आणलं. आता शहरात असल्या भांड्यांना लई मान."

पूजा झाली, नैवेद्य झाला, तिप्पण्णानं तांब्याभर आंबील शेताच्या कडेनं शिंपडली. नैवेद्याआधी कुणी चव घेत नाही, ही रीत. आदल्या रात्री करणारीनंही घेतली नव्हती. सगळं सुनेनं एकटीनं केलेलं, मिरवण्याच्या नादात सासूनं आत डोकावलंही नव्हतं; वरून हिरवी पात पेरलेली, त्यात रंग कुणाला कळतो? गौरा ठरल्याप्रमाणं तपेल्याला टेकून बसली होती. एका लहान पोरीनं वाटी पुढं केली तर तिनं तिला शेंगाची पोळी देऊन पिटाळलं.

मग महेश्वरीनं पेला भरला आणि सगळ्यांना दिसेल असा गौरापुढं धरला. "माहेरवाशिणीचा मान पयला!" बायका कौतुकानं बघायला लागल्या. किती मोठं मन!

गौरानं पेला दोन्ही हातांनी घेतला. "वैनी, तपेलं तुझ्या आईचं. पयला घोट तुझा."

"छे छे, तुमी..."

"घे की. का, नको वाटतंय?"

"घे गं महेश्वरी," कोणीतरी म्हणालं. मग तिनं दाखवायला म्हणून चांगला मोठा घोट घेतला. अर्धा गिळला असेल नसेल, तोंड वेडंवाकडं झालं आणि बाई बांधाकडं पळाली. इरकलीचा पदर मातीत, हात तोंडावर, आणि थू थू थू. माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. आलं, "घे! अजून घे!"

गौरा उठली. तपेलं उचललं, सगळी आंबील मातीत ओतली आणि रिकामं तपेलं पालथं घालून आण्णांच्या मांडीवर ठेवलं. आण्णा आता चौऱ्याऐंशीचे, डोळ्यांनी अधू. "आण्णा, हात द्या." तिनं त्यांचा अंगठा धरून बुडाला लावला. म्हाताऱ्याचा अंगठा त्या ठिगळावर एकदा फिरला, परत फिरला.

"हे नागीचं हाय," आण्णा म्हणाले. "बैलानं लाथ मारल्याली. मीच ठिगळ मारून आणलो होतो."

गौरानं एकेकाकडं बघितलं.

"अकरा वर्सं मी चोर होते न्हवं? माझ्या घरात बिनकल्हईची वाटी न्हाय, हे तुमच्या बायकांना इचारा. हे तपेलं अकरा वर्सं माझ्याकडं असतं तर आज आंबील कळकली असती का?"

ज्या थोरल्या चुलतीनं तेव्हा पिशवी उपडी केली होती, ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. मला वाटलं, झालं! जिंकलीस गौरा! इथंच उठावं आणि घरी जावं.

पण महेश्वरी बांधावरून परत आली. तोंड पुसलं आणि सुनेवर धावली. "माळ्यावरचं खाली काढायला तुला कुणी सांगितलं होतं, भवाने? मी बांधून ठेवल्यालं तू का सोडलीस?" आपण काय बोलून गेलो हे तिला कळलं, तसा तिनं आवाज आणखी चढवला. "काय घातलीस आंबिलीत? मला मारायला निघालीस? आण तुझी पिशवी! दाव सगळ्यांस्नी!"

आणि उत्कर्षानं, त्या शिकल्या-सवरलेल्या पोरीनं, खांद्यावरच्या पिशवीची चेन ओढली. नवरा जमिनीकडं बघत होता. हुबेहूब बापासारखा.

मी गौराकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. दोन ढांगांत ती पोरीपुढं जाऊन उभी राहिली आणि पिशवीची चेन परत लावली.

"पिशवीला हात लावायचा न्हाय कुणी. पोरगीचा काय बी गुन्हा न्हाय. तिनं मला इचारलं होतं, ह्यात चालंल का म्हणून. मला दिसलं होतं कल्हई न्हाय ते. मी 'चालंल' म्हणाले. मुद्दाम."

बायकांनी तोंडावर हात घेतले. थोरली चुलती म्हणाली, "गौरे, इतकी खुनशी झालीस?"

"व्हय. खुनशी म्हणा. सगळ्या गावाला सांगा, गौरम्मा खुनशी हाय. पर चोर म्हणायचं न्हाय. आजपासनं न्हाय."

तिप्पण्णा पहिल्यांदाच काहीतरी बोलायला पुढं आला. गौरानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी जीपमधून सतेली आणली. कुणी हात पुढं करेना. खुनशी बाईच्या हातची आंबील प्यायची कुणी? मग आण्णांनी चाचपडत पेला पुढं केला. "ओत गं," म्हणाले. ते प्यायले, मिशा पुसल्या, आणि परत पेला पुढं केला. त्यांच्यामागून एकेक जण आला. चांगली झाली होती आंबील. महेश्वरी कोपीच्या मागं बसून राहिली, तिला कुणी बोलवायला गेलं नाही.

गौरानं तपेलं उचललं आणि काखेत घेतलं. पिशवीत नाही, काखेत. सगळ्या भावकीच्या मधून, सावकाश, जीपपर्यंत चालत गेली.

उत्कर्षा जीपपर्यंत आली. तिनं आंबिलीला हात लावला नव्हता. "आत्या," ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं." एवढंच. गौराला, त्या तोंडाळ गौराला, कानडीतही काही सापडलं नाही आणि मराठीतही नाही.

त्यानंतर पोरगी गच्चीवर आलेली नाही. तिच्यासाठी लावलेली वांग्याची रोपं डब्यात उंच झालीत, गौरा ती दुसऱ्या कुणाला देत नाही. तपेल्याला कल्हई झाली. फळीवर मधोमध ठेवलंय, पण अजून त्यात काही शिजलेलं नाही.

त्या व्हिडिओवाल्या पोरी गेल्यावर मी तिला विचारलंच. "गौरा, खरं सांग. पस्तावा होतो का?"

तिनं वांग्याच्या रोपांना तांब्याभर धुवण घातलं.

"सुडाचा न्हाय," ती म्हणाली. "तशी येळ आली तर परत घेईन. पर पोरीला सांगून घेईन."